कार्ड उलटं करून

विमानतळावर सगळे तिला ताई म्हणायचे. निवृत्तीला टेकलेले अग्निशमनवाले म्हणायचे, कालपरवा लागलेल्या काउंटरवरच्या मुलीही म्हणायच्या. खरं तर तिला ताई म्हणणारा हक्काचा माणूस एकच, तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या काँक्रीटच्या मैदानावर, सामानाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या तोंडून ऐकून ऐकून बाकीच्यांनाही तीच सवय जडली. कागदोपत्री ती सुरक्षा व्यवस्थापन विभागाची प्रमुख होती. विभाग म्हणजे एक खोली, एक कपाट, चहाची विजेची किटली आणि ती स्वतः.

सुरक्षा म्हटलं की लोकांना बंदूकवाले जवान आठवतात. तिचं काम ते नव्हे. अपघात व्हायच्या आधी त्याचा माग काढायचा, हे तिचं काम. आणि अपघाताचा माग कुणाच्या तरी पोटात असतो. कुणाचा बोल्ट ढिला राहिलेला असतो, कुणाला भलत्या वेळी डुलकी लागलेली असते. त्याने तोंड उघडलं तर उद्याचा दुसरा कुणी वाचतो. पण आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायची हौस कुणाला असते? म्हणून नियम होता की सांगणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही आणि प्रामाणिक चुकीला शिक्षा होणार नाही. नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला होता. भिंतीवर लावलेल्या गोष्टींवर लोक जेवढा विश्वास ठेवतात तेवढाच यावरही ठेवत होते.

मग एके दिवशी एक मेकॅनिक खोलीत आला. बोलायच्या आधी त्याने गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. नाव आणि फोटो छातीकडे, कोरी पाठ तिच्याकडे. म्हणाला, "आता मी कुणीच नाही. सांगू?"

तिला हसू आलं, पण तिने ऐकून घेतलं, आणि ते बाहेर गेलं नाही. तिथून पायंडा पडला. माणूस यायचा, किटली लागायची, कार्ड उलटं व्हायचं आणि माणूस मोकळा व्हायचा. कुणी रडायचंसुद्धा. ती नाव लिहायची नाही, तारीख लिहायची नाही, फक्त काय झालं आणि काय करायला हवं तेवढं लिहायची. चेहरा रोजच्या ओळखीचा असला तरी ती त्या कोऱ्या पाठीकडे बघत ऐकायची. त्या काळात तिने बरंच काही दुरुस्त करून घेतलं, आणि त्याचा तिला अभिमान होता. का नसावा?

मास्तर आला तो याच काळात. मास्तर म्हणजे मनोऱ्यातला सर्वांत जुना नियंत्रक, विमानांना उतरायची-उडायची परवानगी देणारा. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याच हाताखाली बसवायचे, म्हणून मास्तर. एवढा मोठा माणूस, पण त्यानेही आधी कार्ड उलटं केलं. धावपट्टीवर पक्षी हाकलणारी जीप होती, आणि तो ती साफ विसरला. विमानाला उतरायची परवानगी देऊन बसला. मग अंगावर काटा आला, जीप आठवली आणि त्याने विमान पुन्हा वर घ्यायला सांगितलं. वैमानिकाला वाटलं, असेल काहीतरी नेहमीचं. जीपवाल्याला तर पत्ताच नव्हता. तो गप्प बसला असता तर ही गोष्ट त्याच्याबरोबरच संपली असती.

"मी विसरलो म्हणजे कुणीही विसरेल," तो म्हणाला. "गाडी धावपट्टीवर गेली की माइकवर लाल टोपी चढवायची, असं करा. टोपी काढल्याशिवाय बोलताच येणार नाही."

आठवडाभरात टोप्या आल्या. साधी प्लास्टिकची टोपी, पण लाख मोलाची. ताईने तिमाही अहवालात चार ओळी लिहिल्या, नाव नाही, तारीख नाही. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे तपासनीस आले, त्यांनी त्या ओळींवर बोट ठेवलं आणि संचालक साहेबांना विचारलं की संबंधितावर काय कारवाई केली. टोप्यांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

साहेबांनी ताईला बोलावून घेतलं. साहेब आरडाओरडा करणाऱ्यातले नव्हते. गोड बोलून काम काढून घेणाऱ्यातले होते. आधी तिच्या कामाचं कौतुक झालं, मग कॉफी झाली.

"नाव मी विचारणार नाही," साहेब म्हणाले. "नाव सांगायचं नाही हा नियम माझ्याच सहीने निघालाय. फक्त कुठली पाळी होती तेवढं सांगा. त्यांना काहीतरी उत्तर द्यायला हवं ना."

पहाटेची पाळी मास्तर हौसेने मागून घ्यायचा. पहाटे मनोऱ्यात तो एकटाच असायचा, हे विमानतळावरच्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. ताईलाही ठाऊक होतं. तरीही नाव आणि पाळी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत अशी तिने त्या कॉफीच्या कपाशी बसून स्वतःची समजूत घातली. चांगली माणसं वाईट गोष्टी अशाच करतात, तांत्रिकदृष्ट्या बरोबर राहून.

"पहाटेची," ती म्हणाली.

मास्तरचा परवाना काढून घेतला. त्याला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. आयुष्यभर आभाळ सांभाळलेला माणूस चाक तुटलेल्या बॅगांच्या तक्रारी ऐकू लागला. ताईने त्याला टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण एकदा जिन्यात गाठ पडलीच. तो शिव्या देईल म्हणून तिने मनाची तयारी केली होती. त्याने एवढंच विचारलं, "ताई, टोप्या चढवतात ना अजून?" ती मान हलवून खाली पळाली. घरी जाऊन तिने दार लावून घेतलं आणि पोटभर रडली.

त्यानंतर तिच्या खोलीत कुणी आलं नाही. तिने पाळी सांगितली हे कुणी फोडलं कोण जाणे, पण अशा गोष्टींना पाय फुटतात. किटली थंड पडली. ती स्वतः एप्रनवर जाऊन विचारायची, काही अडचण? सगळे हसून म्हणायचे, सगळं झकास आहे, ताई. पहिल्या तिमाहीत घटना निम्म्यावर आल्या, दुसऱ्या तिमाहीत जवळजवळ शून्यावर. साहेबांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. सरकारी खात्याने विमानतळाला ढाल दिली, ती स्वागतकक्षात काचेच्या कपाटात बसली.

ताईला हे काय चाललंय ते कळत होतं, तिला नाही कळणार तर कुणाला? एकदा बैठकीत ती बोललीही, की थर्मामीटर फुटला म्हणून ताप उतरला असं होत नाही. साहेब म्हणाले, "तुम्हाला चांगलं झालेलं बघवतच नाही." सगळे हसले. त्यांच्याबरोबर तीही थोडी हसली, आणि तो विषय तिथेच संपला.

घरीही काहीतरी बदललं होतं, पण ते तिच्या लक्षात यायला वेळ लागला. धाकटा आणि त्याची बायको सुटीच्या दिवशी जेवायला यायचे. पूर्वी धाकट्याच्या तोंडाला खळ नसायचा. कुणाची बॅग फाटून काय बाहेर आलं, मुकादम कुणाला काय म्हणाला, हसून हसून पुरेवाट करायचा. आता तो मुलीच्या शाळेबद्दल बोलायचा, घराच्या गळक्या छताबद्दल बोलायचा, एप्रनचा शब्द काढायचा नाही. वाढत्या वयाने माणूस शांत होतो, असं ताईने धरून चाललं.

एकदा तो निघताना ती खाली सोडायला आली. सपाट फरशीवर त्याची स्कूटर स्टँडला नीट उभी होती, तरी चाकाखाली त्याने अर्धी वीट सरकवून ठेवलेली. ताईने चेष्टा केली, "अरे, स्टँडवरची स्कूटर काय पळून जाणार आहे?"

धाकटा ओशाळला. वीट पायाने बाजूला सारत म्हणाला, "सवय लागलीय गं."

माणसांच्या सवयींवरून धोका ओळखायचा, यावर ती प्रशिक्षणाच्या वर्गात तासतासभर बोलायची. त्या दिवशी ती हसली आणि जिना चढून वर गेली.

फोन आला तेव्हा ती खोलीत बसून वर्षाचा आलेख काढत होती. चालू ठेवलेला ट्रॅक्टर आपोआप मागे सरकला. धाकटा मागे ट्रॉलीची कडी अडकवत होता. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये त्याचा पाय सापडला. जीव वाचला. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

इस्पितळात त्याच्या चादरीखाली एका बाजूला काहीच नव्हतं, आणि ताई तिकडे बघायचं टाळत होती. ती कामावरून तशीच आली होती, गळ्यात कार्ड लटकत होतं. बराच वेळ तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. लहानपणी त्याला ताप आला की ती अशीच बसायची. मग तिने ते विचारलं. बहीण म्हणून विचारलं की विभागप्रमुख म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"तो ट्रॅक्टर आधी कधी असा सरकला होता का रे?"

धाकट्याने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे. "नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदाच." आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

भावजय तिच्या मागोमाग बाहेर आली. औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर दोघी बसल्या. भावजय कधी वर तोंड करून बोलणारी नव्हती, नणंदेचा तिला धाकच होता. आज तिचा धाक कुठे गेला होता कोण जाणे.

"पावसाळ्याआधीपासून सरकत होता तो," ती म्हणाली. "इंजिन तापलं की. सगळ्यांना माहीत होतं. चाकाखाली लाकडी ठोकळा ठेवायचे. आज कुणीतरी तो ठोकळा दुसऱ्या ट्रॅक्टरला नेला, त्याचंही तसंच आहे म्हणून."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं ह्यांना, ताईंना सांगा, घरातल्याच आहेत." भावजय पदराशी चाळा करत राहिली. मग सरळ बघून म्हणाली, "हे म्हणाले, ताई नाव नाही सांगणार. पाळी सांगेल."

शरमेने ताईचे कान तापले. भावजय उठून औषधं आणायला गेली, परत आली, तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत बसलीही नाही, उभ्या उभ्याच बोलली. तसा आणखी एक ट्रॅक्टर आहे, सगळे थांबवून तपासा. साहेबांना धाकट्याबद्दल मनापासून वाईट वाटत होतं, त्यांनी तसं म्हटलंही. पण सगळे ट्रॅक्टर थांबवायचे म्हणजे विमानतळ बंद. चौकशीत तर प्रत्येकाने पहिल्यांदाच घडल्याचं लिहून दिलंय, तिच्या सख्ख्या भावानेसुद्धा. मग आणखी एक आहे हे म्हणतं कोण?

"कोण ते सांगा," साहेब म्हणाले. "मग बघू."

ताईने मनात हिशेब मांडला. भावजयीचं नाव घ्यायचं, म्हणजे धाकट्याला माहीत होतं हे आलं, आणि माहीत असून चालवला म्हणून तोच दोषी ठरला असता. या वेळी तिने नाव सांगितलं नाही, पाळी सांगितली नाही, काहीच सांगितलं नाही. साहेबांनी खांदे उडवून समोरचा कागद ओढला.

ती तडक एप्रनवर गेली. ऊन चढलं होतं. विमान यायला थोडा अवकाश होता, म्हणून माणसं सावलीत बसली होती आणि ट्रॅक्टर ओळीने उभे होते. कुठल्या चाकाखाली ठोकळा आहे ते बघायचं, तो ट्रॅक्टर किल्ली काढून बंद करायचा, बस्स. त्यासाठी कुणाला काही विचारायचीही गरज नव्हती. ती पहिल्यापाशी वाकली. ठोकळा होता. दुसऱ्याखाली होता. तिसऱ्याखालीही. ती ओळीच्या टोकापर्यंत गेली. प्रत्येक चाकाखाली नवा कोरा, एकाच मापाचा ठोकळा होता.

ती सावलीत माणसांसमोर येऊन उभी राहिली. घाम पुसायचंही तिला सुचलं नाही.

"दुसरा कुठला तेवढंच सांगा," ती म्हणाली. "कोण, कधी, काही विचारत नाही. पाया पडते तुमच्या."

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मग मुकादमाने सावकाश हात वर नेला आणि गळ्यातलं कार्ड उलटं केलं. त्याच्या शेजारच्याने केलं. मग त्याच्या शेजारच्याने. एकेक करत सगळ्यांनी केली, आणि ताईच्या जिवात जीव आला. किती महिन्यांनी ती कोरी पाठ दिसत होती. ती पुढे सरकली, कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघता, पूर्वीसारखीच, आणि वाट बघू लागली.

कुणीच बोललं नाही. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की तिला नावं वाचता येऊ नयेत म्हणून त्यांनी ती उलटी केली आहेत.

"ठोकळ्याची आपली सवय आहे, ताई," मुकादम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "ट्रॅक्टर सगळे चांगलेच आहेत."

विमान उतरल्याचा आवाज आला. माणसं उठली, वाकून वाकून ठोकळे काढले, सीटमागे टाकले आणि इंजिनं सुरू केली. ताई बाजूला झाली. एकामागून एक ट्रॅक्टर तिच्यासमोरून विमानाकडे गेले. त्यातला तो कुठला, हे तिला कळलं नाही.