कामतघरची पांढरी कीड

तुळशीरामने दात घासायचा जुना ब्रश तंबाखूच्या पाण्यात बुडवला, श्वास रोखला आणि झाडाच्या सगळ्यात खालच्या पानावर हल्ला चढवला.

पान तुटून मोरीत पडलं.

“आजून एक गेला,” दारात मिश्री लावत बसलेली धोंडूबाई म्हणाली. ही त्याची थोरली बहीण. शेलार गावाहून दोन दिवसांसाठी म्हणून आली होती, त्याला आता तीन महिने होऊन गेले होते. “तुळश्या, झाराला आंघोल घालतंस का म्हशीला?”

“कीड हाय, बाय. पांढरी. नर्सरीवाल्यानं सांगलंय.”

“कीड ऱ्हाईल. झार जाईल.”

झाड म्हणजे तसं वाटीभर होतं. जाडजाड पानं गुलाबासारखी एकावर एक बसलेली आणि प्रत्येकाची कड लाल, म्हणजे आणलं तेव्हा लाल. क्षितिजा, त्याची मुलगी, त्याला सक्युलंट म्हणाली होती. धोंडूबाईने पहिल्या दिवशीच त्याचं नाव ‘लाजलेला कोबी’ ठेवलं होतं, आणि गल्लीत तेच चाललं.

क्षितिजा कल्याणला दिलेली. तीन महिन्यांपूर्वी ती गोड बातमी घेऊन आली तेव्हा तुळशीराम पेढ्याआधीच बोलून बसला होता, “पयलं बाळंतपण म्हायेरीच.”

तिने आईच्या फोटोकडे बघितलं, मग जिन्याकडे बघितलं. मग पिशवीतून ही कुंडी काढून त्याच्या हातात ठेवली.

“हे सातव्या महिन्यापर्यंत सांभाळा बाबा. कडा लाल राहिल्या तर येते मी. नाहीतर सासूबाई आहेतच.”

तुळशीरामला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्याचा लौकिकच तसा होता. काशी, त्याची बायको, गेल्यानंतर घरात सोबत हवी म्हणून त्याने मासे पाळले होते. थंडी पडली तेव्हा मायेने टाकीत ऊन पाणी ओतलं. शेजारच्या रंगूबाईचा पोपट चार दिवस सांभाळायला घेतला आणि तिसऱ्या दिवशी नुसता पिंजरा परत केला. असल्या माणसाच्या घरी बाळंतीण कोण पाठवेल?

म्हणून यंदा त्याने कसूर करायची नाही असं ठरवलं. क्षितिजा म्हणाली होती, पंधरा दिवसांनी एकदा पाणी. लेकीच्या झाडाला असली कंजूषपणाची वागणूक त्याला बरी वाटेना. तो सकाळ-संध्याकाळ तांब्या ओतायचा, दुपारी ऊन लागू नये म्हणून कुंडी कपाटाच्या सावलीत ठेवायचा. महिन्याभरात लाल कडा उडाल्या. झाडाची मान लांब होऊन खिडकीकडे वळली. माणूस बसच्या वाटेकडे बघतो ना, तशी. आणि मग एके सकाळी पानांवर पांढरं पांढरं दिसलं.

कुंडीच्या बुडाला नर्सरीवाल्या लडकूचा नंबर होता. वज्रेश्वरीच्या रस्त्याला त्याची नर्सरी. तुळशीरामने फोन लावला.

“कापसासारखं दिसतंय का, काका?”

“एकदम कापूस.”

“मग कीड आहे ती. तंबाखूचं पाणी मारा. आणि लक्ष ठेवा, एका जागी राहत नाही, पसरते.”

पसरली होतीच. तुळशीराम चष्मा लावून घरभर फिरला. पडद्यावर होती. पंख्याच्या पात्यांवर थर होता. टीव्हीवर, पाण्याच्या हंड्यावर, धोंडूबाईच्या अंबाड्यात. त्याने सगळीकडे तंबाखूचं पाणी मारलं. धोंडूबाई झोपेत होती, तिच्या अंबाड्यावरही मारलं. ती उठली ती ओरडतच. चार दिवस घराला पानटपरीचा वास होता. कीड रोज सकाळी ताजी.

शेवटी त्याने परत फोन लावला.

“आरं, कॅलेंडरवर पन आली!”

पलीकडे लडकूने पाण्याचा नळ बंद केला.

“काका, कॅलेंडरला कीड नाही लागत. राहता कुठं तुम्ही?”

“कामतघरला.”

“खाली कापडाचे लूम आहेत का?”

“हायेत ना. सहा. माझेच.”

“काका,” लडकू अगदी हळू बोलला, जणू पेशंटशी, “ती रुई आहे. लूमवरून उडणारी कापसाची धूळ.”

तुळशीरामने फोन ठेवला. चाळीस वर्षं लूममध्ये काढलेला माणूस तो. धाग्यावर बोट फिरवून कापसाची जात सांगायचा. मुश्ताक, त्याचा कारागीर, त्याला उस्ताद मानायचा. आणि उस्तादांनी आठवडाभर रुईला तंबाखू पाजला होता.

हसायला हवं होतं. धोंडूबाई हसलीच, मिश्री उडेपर्यंत. तो मात्र उठून जिन्याच्या तोंडाशी गेला.

जिना घराच्या आतूनच होता, खाली थेट कारखान्यात उतरायचा. सहाही लूम खडखडत होते. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप जिन्यावर पडली होती आणि तिच्यात मळणीला भुसा उडावा तशी रुई उडत होती. पण भुसा खाली बसतो, ही वर येत होती. एकेक पायरी चढून, सावकाश, घरचीच असल्यासारखी. उंबरा ओलांडत होती आणि समोर काशीच्या फोटोवर टेकत होती.

काशी बारा वर्षं खोकली. घरच्यांनी चिंचेला दोष दिला, फ्रीजच्या पाण्याला दिला, रंगूबाईच्या मिरचीच्या फोडणीवरून तर भांडण केलं. जिन्याकडे कुणी बघितलं नाही.

आणि क्षितिजा आली की गॅलरीतच का बसायची? ओढणी नाकाला का लावायची? त्याला वाटायचं, डोहाळे. सुक्या मासळीचा वास सोसत नसेल.

त्याने शर्टाच्या बाहीने फोटोची काच पुसली. दोनदा पुसली.

“बाय,” तो म्हणाला, “नामा गवंड्याला सांगावा धार.”

बेत सरळ होता. आतल्या जिन्याचं दार विटांनी कायमचं बंद करायचं आणि बाहेरून लोखंडी जिना लावायचा. शैलेश वेल्डर म्हणाला, येत्या तिसऱ्या शुक्रवारी जिना उभा करतो. नामा म्हणाला, शुक्रवारी भिंत उभी करतो. दोघंही शब्दाचे पक्के. तोवर पंधरा-वीस दिवस घरात धुणं-पुसणं, जाळी मारणं, चुना लावणं चाललं. कुंडी मध्ये मध्ये येत होती म्हणून कुणीतरी ती गॅलरीत, उन्हाच्या बाजूला, सिमेंटच्या गोण्यांमागे सरकवली.

शुक्रवारी नामाने जिन्याच्या बाजूने भिंत बांधायला घेतली. तुळशीराम आणि धोंडूबाई घराच्या बाजूने देखरेखीला उभे राहिले.

“थितं फट ऱ्हायली रं!”

“वर घे, आजून वर. बारकी पोरगी व्हईल तरी तिच्या नाकाला रुई जाता कामा न्हाय.”

“पोरगा व्हईल.”

“काय पन होव दे, नाक असंलच ना!”

शेवटची वीट बसली. घर एकदम शांत झालं. इतकं शांत त्या घराने कधी ऐकलं नव्हतं. दोघांनी समाधानाने भिंतीकडे बघितलं. मग धोंडूबाईने भावाकडे बघितलं.

“तुळश्या, आता आपुन खाली कशे जायाचं?”

भिंतीपलीकडून नामाचा आवाज आला, लांबून, विहिरीतून आल्यासारखा.

“काका, बाहेरचा जिना लागला ना?”

बाहेरचा जिना तीन तुकड्यांत गल्लीत आडवा पडला होता. लाईट गेली होती. शैलेश वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होता.

मुश्ताकने शिडी आणली, ती तीन हात कमी पडली. नामा म्हणाला, चार विटा काढतो, ओलंच आहे.

“हात लावशील तर याद राख!” तुळशीराम गॅलरीतून गरजला. “ती भिंत पडणार न्हाय. ऱ्हाऊ आमी वर.”

दुपारी रंगूबाईने भाकरी आणि बोंबलाचं कालवण दिलं. तुळशीरामने दोराला बादली बांधून ते वर ओढून घेतलं. खाली पोरं जमली, बायका जमल्या. एकाने विचारलं, नवा पोपट पण पाठवू का काका, सोबतीला?

तेवढ्यात रिक्षा आली आणि क्षितिजा उतरली. पोट चांगलं दिसत होतं. रविवारी येणार होती, शुक्रवारीच आली.

“थांबा हां दादा,” ती रिक्षावाल्याला म्हणाली. “बघून येते.” मग तिने वर बघितलं. “बाबा, गॅलरीत काय करताय? खाली या.”

“येतो गं. जिना न्हाय.”

“जिना कुठं गेला?”

“चाचा ने खुद को दीवार में चुनवा लिया, बेटी,” मुश्ताक म्हणाला.

गल्ली खदाखदा हसली. क्षितिजा हसली नाही.

“बंद का केलात?”

तुळशीरामने कठडा धरला. उत्तरं पुष्कळ तयार होती, चोरांची भीती, लूमचा आवाज. पोरगी मान वर करून उभी होती.

“रुई वर येत व्हती,” तो म्हणाला. “मना कवा दिसली न्हाय.” मग जरा हळू, “तुला दिसत व्हती ना?”

ती चपलेकडे बघत राहिली.

“झाड दाखवा,” ती म्हणाली.

तुळशीराम गर्रकन वळला. झाड! वीस दिवस त्याला थेंबभर पाणी नव्हतं. त्याने गोण्या हलवल्या, कुंडी उचलली आणि तसाच उभा राहिला. अकरा पानं उरली होती, एक बाजू टकली. पण उरलेल्यांच्या कडा मिरचीसारख्या लाल पेटल्या होत्या.

“कुंकू लावलंस काय रं?” धोंडूबाईने कुजबुजत विचारलं.

“शपथ बाय. मी बघितला पन न्हाय त्याला.”

कुंडी बादलीतून खाली गेली. क्षितिजाने पानाची कड अंगठ्याने घासून बघितली. रंग निघाला नाही. मग तिने वास घेतला आणि नाक मुरडलं.

“तंबाखू?”

“थोडासा,” वरून आवाज आला.

ती कुंडी घेऊन रिक्षाकडे वळली. तुळशीरामला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारणार? रिक्षावाल्याने हात मागे घालून काहीतरी ओढलं. मोठी बॅग होती, चेन फुटेस्तोवर भरलेली. मग दुसरी, लहान. मग रिक्षा वळली आणि निघून गेली.

क्षितिजाने कुंडी रंगूबाईच्या हातात दिली.

“काकू, जिना लागेपर्यंत तुमच्याकडे बसते हां.”

मग तिने मुश्ताकला खूण केली. दोघांनी मिळून लहान बॅग बादलीत बसवली, कडी तपासली.

“ओढा बाबा,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी. लोणच्याची बरणी आहे आत.”