तार तुटली तेव्हाचे चौदा फटके

दुपारी तीन वाजता माइकपुढे बसलं की आज कोण कुरकुरणार, हे नॉर्बर्ट हाउकला पहिला फोन यायच्या आधीच ठाऊक असे. गावाचा संघ हरला की ऑगी न्हावी. जिंकला तरी ऑगीच, कारण जिंकले ते नीट जिंकले नाहीत. ओहायो नदीकाठच्या बेलमार्क गावात या एएम रेडिओ स्टेशनवरच्या खेळाच्या गप्पा ऐकणारे निम्मे लोक खेळ बघतच नसत. मक्याच्या शेतातल्या मनोऱ्यावरून निघालेला आवाज धुक्यासारखा तीन परगण्यांवर पसरे, गोठ्यांत आणि स्वयंपाकघरांत शिरे, आणि माणसं त्यात अर्धवट डोळे मिटून बसत.

स्टेशनला सत्तर वर्षं झाली म्हणून नॉर्बर्ट आठवडाभर त्याचा इतिहास सांगत होता. आज शुक्रवार, आणि पाळी होती १९५६ सालच्या बेसबॉल सामन्यातल्या चौदा फाउलांची, म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या फटक्यांची.

तेव्हा परगावच्या सामन्याला निवेदक पाठवणं स्टेशनला झेपत नसे. तारेवरून दोन-दोन शब्द येत आणि निवेदक डच रीगल गावातच, ऑगीच्या बापाच्या दुकानावरच्या खोलीत, त्या शब्दांतून अख्खा सामना उभा करी. लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आपटली की बॅटचा आवाज. गर्दीचा गलका तबकडीवर. सगळ्यांना हे माहीत होतं, आणि डच बोलू लागला की सगळे ते विसरत. त्या दिवशी त्याने सांगितलं, की आपल्या फलंदाजाने लागोपाठ चौदा चेंडू रेषेबाहेर टोलवले आणि शेवटचा प्रेक्षकांतल्या पिवळ्या टोपीच्या बाईने झेलला. ती बाई म्हणजे बिली कार्पिन्स्की. तिच्याकडे चेंडू होता. साठ वर्षं ती दर शुक्रवारी फोन करून तो झेल पुन्हा घेत आली होती, आणि दरवेळी तो थोडा उंच जाई.

मंगळवारी नॉर्बर्टला कपाटात त्या सामन्याची तारेच्या कागदाची गुंडाळी सापडली. तारवाल्याने समासात लिहिलं होतं: तीन-बारा, तार तुटली. तीन-तीस, सुरू. आणि पुढचा मजकूर: पहिल्याच चेंडूवर बाद.

म्हणजे फाउल एकही नाही. डचने अठरा मिनिटं हवेतून काढली होती. मग बिलीबाईंनी झेललं काय?

नॉर्बर्ट नोंदीचा पक्का. खरा इतिहास सांगेन असं त्याने सोमवारीच जाहीर केलं होतं. पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईला भर गावात खोटी पाडायची, हे त्याच्या घशाखाली उतरेना. हॉकी, हवामान, ऑगी, पुन्हा हॉकी करत त्याने साडेसहा वाजवले. खिडकीबाहेर मका तांबूस झाला होता. फोनवर बिलीच्या नंबराचा दिवा लुकलुकला. त्याने जाहिरात लावली आणि फोन उचलला.

"काय रे, आज माझं साल विसरलास?"

"बिलीबाई, मला तारेची गुंडाळी सापडलीय."



"सापडली का," ती म्हणाली. "मग वाच की. घाबरतोस कुणाला?"

"तुम्हाला."

"बरं करतोस. ऐक. बाबा खालच्या दुकानात कामाला होते, त्यांना डबा द्यायला मी आले होते. वर डचचा आवाज अडखळला म्हणून जिना चढले. तार मेलेली, तो घामाघूम, ठोकळा बडवतोय. तेरा फाउल झाले होते. त्याने मला बघितलं, बोलता बोलता टेबलावरचा चेंडू उचलला आणि फेकला. मी झेलला, एका हाताने. आता सांग, झेलला की नाही?"

"आणि साठ वर्षं मैदानात होते म्हणालात?"

"मग काय त्याला उघडा पाडू? आता तो गेला. पण माझी बहीण हेडविग आहे ना. त्या दिवशी दोनशे मैलांवरच्या मैदानातून सहाच्या जेवणाला घरी कशी आलीस, हे ती प्रत्येक नाताळला विचारते. तिला ऐकू दे. मला आत्ता रेडिओवर घे. सूर्य बुडायच्या आत."

नियमाने स्टेशनला सूर्यास्ताला प्रक्षेपणाची शक्ती कमी करावी लागे. मग आवाज गावापुरता उरे, आणि नदीपलीकडच्या शेवटच्या टेकडीवर हेडविगला नुसती वाऱ्यासारखी सळसळ. सूर्यास्त सहा-चव्वेचाळीसला होता. आता अडतीस झाले होते.

नॉर्बर्टने गुंडाळी वाचली आणि बिलीला हवेत सोडलं. ती जिन्यापासून सुरू झाली. मग जिन्याला त्या उन्हाळ्यात दिलेला रंग. मग डब्यात काय होतं.

चव्वेचाळीस झाले तेव्हा ती दुसऱ्या पायरीवर होती.

एकोणतीस वर्षांत नॉर्बर्टने शक्ती कमी करायची कळ एक मिनिटही उशिरा दाबली नव्हती. त्याने हात मांडीवर ठेवला. काळोख्या मक्यावरून बिलीचा आवाज जात राहिला, पाणी ओलांडून, टेकड्या चढून, आणि कुठेतरी डच ठोकळा बडवत राहिला.

चेंडू झेलून झाला. कळ दाबून नॉर्बर्टने नोंदवही ओढली आणि लिहिलं: सूर्यास्त ६.४४. शक्ती कमी केली ६.५५. कारण: बिलीबाई बोलत होत्या.

फोनवर नदीपलीकडच्या टेकडीवरचा नंबर लुकलुकत होता. त्याने तो उचलला. कुणीतरी नाक ओढत होतं आणि फोन ठेवायला तयार नव्हतं.