सकाळचं खिमट

सासूबाईंना मी घराबाहेर काढलं, हे आधीच सांगून टाकते. जा म्हणाले नाही. पण उठता-बसता टोचून बोललं तर माणूस किती दिवस राहील?

राजवीर नऊ महिन्यांचा. दीड महिन्यात तिसऱ्यांदा त्याला जुलाब लागले, सलाईन लावायला डॉक्टरांना शीर सापडेना. मला खापर फोडायला डोकं हवं होतं. माझ्या सासूबाई बयाबाई लोकांच्या गोठ्यांत शेण काढतात. त्याच हातांनी पोराला घेतात, असं मी दवाखान्यात चारचौघांत बोलले. नवरा विश्वजित शेजारीच खाली मान घालून उभा होता. दोन दिवसांनी सासूबाई पिशवी भरून शाहूवाडीला लेकीकडे गेल्या.

मी शाळेत मुलांची खिचडी शिजवते. विश्वजित कारखान्यात रात्रपाळीला, दिवसा घरी. पोराला दर वेळी वाटीभर ताजं खिमटच द्या, असं अंगणवाडीच्या बाईंनी बजावलेलं. ते काम त्याने आपणहून घेतलं होतं. आज गाजर घातलं, आज चमचाभर तूप, असं संध्याकाळी कौतुकाने सांगायचा. मी बायकांत मिरवायचे, असा नवरा मिळायला नशीब लागतं म्हणून.

सासूबाई जाऊन आठ दिवस झाले आणि राजवीरला पुन्हा जुलाब सुरू झाले. आता कुणाचे हात?

शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर विश्वजित घोरत होता, राजवीर रडून निपचित पडलेला. फळीवर अर्धं पातेलं खिमट. शाळेत वाढण्याआधी चाखून बघायचा नियम आहे. त्या सवयीने मी बोटभर जिभेवर ठेवलं. आंबलं होतं.

विश्वजितला हलवून उठवलं. म्हणाला, सकाळी एकदाच करतो, मग दिवसभर त्यातच गरम पाणी घालून देतो, सारखं उठलं की झोप मोडते. कधीपासून? पहिल्यापासून.

आईवर आळ आला तेव्हाही हा गप्प बसला. माझी आई असती तर मी बसले नसते, असं त्याला म्हणाले. राजवीरला मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत शाहूवाडीला सासूबाईंना फोन लावला.

"आत्याबाई, चुकलं माझं. ह्योच सकाळचं शिळं घालतोय पोराला."

"मला ठावं हाय, पोरी."

"कवापास्नं?"

"पयल्यापास्नं. सांगू नगं म्हनला त्यो. पोटचं पोरगं हाय की माझं."

"आनि राजवीर माझ्या पोटचा न्हाय व्हय?"