जास्तीचे दोन घाव

भट्टी एक, ऐरणी चार, सांडश्या आठ, हातोडे लहानमोठे मिळून अकरा आणि शिकायला आलेली माणसं सात. एका ऐरणीवर दोघं असा हिशेब होता. सातवी उरली ती, म्हणून कोपऱ्यातली ऐरण तिच्या एकटीच्या वाट्याला आली.

शिकवणाऱ्या लोहाराला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी पहिल्याच वर्गात तिचं नाव मोजपट्टी पाडलं. ती लालबुंद सळई भट्टीतून काढायची, पट्टी लावून लांबी बघायची आणि हातोडा उचलेपर्यंत सळई काळी पडलेली असायची.

"मोजपट्टी, लोखंड घेऊन शिंप्याकडे आलीयस का? माप मागाहून घे. लाल आहे तोवर ठोक!"

सगळे हसले, तीही हसली. मग जो तो आपल्या जोडीदाराकडे वळला आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

तिला एकच वस्तू करायची होती, बाबांच्या खोलीतल्या खिडकीचा हूक. बाबा गेले आणि थोड्याच दिवसांत जुना हूक गंजून तुटला. तेव्हापासून वारा सुटला की खिडकी धाडकन आपटायची आणि दर वेळी तिच्या तोंडून निघून जायचं, "बाबा, काय पडलं?" त्यानंतर घर जे गप्प व्हायचं, ते तिला सोसवत नव्हतं.

"अगं, बाजारातून आण की एखादा," मावशी फोनवर म्हणाली होती. तिने तीन आणले. त्या जुन्या चौकटीला एकही बसेना.

शेवटच्या वर्गात उस्ताद तिच्या ऐरणीपाशी आले. "एवढी जाड सळई तुझ्या एकटीच्याने बारीक व्हायची नाही. मी धरतो. माझी हातोडी जिथे टिचकी मारेल, तिथे तुझा घण पडला पाहिजे. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही."

टिक, धाण. टिक, धाण. इथे? इथे. आता इथे? हो, इथे. घरी दिवस दिवस तिला कुणी इतकं विचारत नसे. तिचे हात भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, पण एक घाव चुकला नाही.

मग हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली. तिला ती स्पष्ट ऐकू आली. तरी घण आणखी दोनदा पडला.

"ए बाई! कान घरी ठेवून आलीस का?" उस्तादांनी सळई वर धरली. "वाढली ना! आता हूक ढिला बसणार. टोक छाटू?"

"नको. आहे तशीच वाकवू या."

"खिडकी खडखडेल हं. मग मला बोल लावू नकोस."

"खडखडू दे. आपटली नाही म्हणजे झालं."

उस्तादांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सळई पुन्हा भट्टीत सारली.

संध्याकाळी तिने हूक बसवला आणि बाबांच्या खुर्चीत बसून राहिली. वारा सुटला. खिडकी जराशी पुढे सरकली, हुकाला अडली, मागे आली. टिक. थोड्या वेळाने पुन्हा, टिक.

ती उठली आणि खिडकी पुढे ढकलून धरून तिने फटीला पट्टी लावली. पाच मिलिमीटर.