परत पाठवलेलं शोकेस

बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात ती सीट शिवायची. तिथे तिला सगळे 'सुई' म्हणत. एक तर अंगाने बारीक, आणि दुसरं म्हणजे बोलली की टोचायची. घरात मात्र लग्नाला चौदा वर्षं झाली तरी तिने टोचणं बंद ठेवलं होतं.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इतरांना वर-खाली नेण्याची सोय लावणारा हा माणूस घरी आला की जागचा हलत नसे. त्याचं काम बरं चाललं होतं, तिचंही. पण त्या घरात त्यांनी स्वतः निवडून आणलेली एकही वस्तू नव्हती. सोफा थोरल्या जावेचा. पलंग तिचाच. पडदेही थोरलीच्याच घरचे, खिडकीपेक्षा हातभर लांब, जमिनीवर लोळणारे. दिवसाला वीस-वीस सीट शिवणाऱ्या बाईने ते पडदे कापून दुमडून घेतले नव्हते, कारण देतानाच थोरली म्हणाली होती, "कापू नकोस हं, भारी कापड आहे."

थोरलीला दर दोन-तीन वर्षांनी घरात नवीन काहीतरी लागे. मग जुनं टेम्पोत चढे आणि धाकटीच्या दाराशी उतरे. त्याचं एवढं वाटलं नसतं. पण दिलेली वस्तू थोरलीच्या हातून कधी सुटतच नसे. आली की चपला काढता काढताच तिची नजर खोलीभर फिरे. "माझ्या सोफ्यावर तेलकट डोकी टेकता वाटतं? डाग पडलाय बघ." "माझा पलंग भिंतीला का चिकटवलास? ओल धरेल." धाकटी 'हो ताई' म्हणे आणि पाणी आणायला आत जाई. आत गेल्यावर ओठातल्या ओठात म्हणे, भीक नको पण कुत्रं आवर.

एका बुधवारी ती कामावरून आली, तर भर दुपारी चार वाजता घरात दिवा लागलेला. बारा वर्षांची लेक, चिमणी, दिव्याखाली पुस्तक घेऊन बसली होती. बाहेरच्या खोलीतली एकुलती एक खिडकी गायब होती. तिच्या जागी काळपट लाकडाचं, काचेच्या दारांचं एक भलंमोठं शोकेस उभं होतं.

"दुपारी आलं," नवरा म्हणाला. "दुसरीकडे मावेचना."

"आणि उजेड?"

"दिवा आहे की."

चिमणीने मान वर केली. "आई, आपल्याकडे शोकेसमध्ये ठेवायला काय आहे?"

आईने काचेच्या दाराला हात घातला. दार उघडेना. कुलूप होतं.

तिने थोरलीला फोन लावला. "ताई, शोकेस पोचलं. पण किल्ली नाही आली."

"ती राहू दे माझ्याकडेच," थोरली म्हणाली. "वरच्या दोन कप्प्यांत माझ्या चिनी मातीच्या बाहुल्या आहेत. नवीन कपाटाला शोभत नाहीत, आणि टाकवत पण नाहीत. मी येईन तेव्हा पुसून जात जाईन. तुम्ही फक्त बाहेरून काच पुसा. ओल्या फडक्याने नको."

धाकटीने फोन ठेवला. मग जवळ जाऊन पाहिलं तर खरंच, वरून आठ-दहा गुलाबी गालांच्या बाहुल्या तिच्याकडे बघत होत्या.

"हे परत जाणार," ती म्हणाली.

नवरा दचकला. "अगं, काहीतरीच काय! दादाला काय वाटेल? धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं करू नये."

"दात आहेत हो तिला. चौदा वर्षं चावतेय."

त्याने हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. पण ती हसली नाही. मग चार दिवस तोच विषय. आधी तो समजुतीने बोलला, मग चिडला, मग अबोला धरला. तिने एकदाच सांगितलं, "मी दोन खोल्यांचं भाडं भरते, गोदामाचं नाही. तुमच्या मनात नसेल तर तुम्ही रविवारी बाहेर जा. मी माणसं सांगितली आहेत."

रविवारी सकाळी कारखान्यातला वेल्डर आणि त्याचा भाऊ टेम्पो घेऊन आले. नवरा बाहेर गेला नाही. जिन्यात उभा राहून "डावीकडे घ्या, जपून, कोपरा लागेल" असं सांगत राहिला. शोकेस खाली गेलं. पण ते गेल्यावर ती थांबलीच नाही.

"आता सोफा," ती म्हणाली.

"सोफा?" नवऱ्याचा आवाज चिरकला. "आणि बसायचं कशावर?"

"बुडावर."

वेल्डरला हसू आवरेना, तरी त्याने मान खाली घालून सोफ्याचा एक पाय उचलला. सोफ्यामागून पलंग गेला. शेवटी धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घातलेले पडदे गेले. ते तिने स्वतःच्या मांडीवर घेतले आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली.

थोरलीचं घर बैठं, पुढे मोठं अंगण. टेम्पो बघून ती हात पुसत बाहेर आली.

"काय झालं? वाळवी लागली की काय?"

"नाही ताई. सगळं धड आहे, मोजून घ्या. बाहुल्याही सगळ्या आहेत, किल्ली तुमच्याकडेच होती."

थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्हणजे? परत आणलंस? आम्ही दिलेलं?"

"तुम्ही दिलं कुठे? ठेवायला पाठवलंत."

"बघा हो, बघा!" थोरलीने आत हाक मारली. "तुमच्या धाकट्या भावजयीला आपलं उष्टं नको झालंय!"

थोरले दीर दारात आले. शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. "तुला कमी काय पडू दिलं आम्ही? संसार उभा करताना कोण होतं?"

तिथून पळून जावं असं धाकटीला मनापासून वाटलं. पण मांडीवर आणलेले पडदे अजून हातातच होते, त्यांना धरून ती उभी राहिली.

"तेव्हा तुम्ही होतात, दादा. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ताटात काय वाढायचं ते आता मला ठरवू द्या. पोट माझं आहे."

"बघते ना कशावर बसतेस ते," थोरली म्हणाली. "महिन्याभरात फोन येईल."

"बसेन कशावर तरी," धाकटी म्हणाली आणि पडदे तिच्या हातात दिले.

घरी आली तेव्हा खोली रिकामी होती, आणि रिकामी खोली काही सुंदर वगैरे दिसत नव्हती. सोफ्याच्या जागी भिंतीवर काळा पट्टा होता. पलंगामागचा गिलावा फुगून त्याला पोपडे आले होते. म्हणजे ओलीबद्दल थोरली बरोबरच बोलत होती. नवरा सतरंजीवर भिंतीला टेकून बसला होता, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा. त्या रात्री तिघं जमिनीवर झोपली. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि ती छताकडे बघत पडली. आपण चुकलो का, हे तिने स्वतःला दहादा विचारलं.

सकाळी खिडकीतून ऊन थेट चिमणीच्या तोंडावर आलं. ती डोळे चोळत उठून बसली आणि म्हणाली, "अय्या, खोली केवढी आहे आपली!"

त्या दिवशी आईने कामावरून येताना पत्र्याची खरवडणी आणली.

आठवडाभर ती रोज संध्याकाळी दोन तास भिंत खरवडे. ओल कुठून येते ते शोधलं, तर वरच्या मजल्यावरून येणाऱ्या पाइपचा सांधा गळत होता. तो सांधा मात्र नवऱ्याने बघितला. "हे तुझं काम नाही," म्हणत पाना घेऊन आला, आणि अबोला त्या पाइपपाशी सुटला. भिंत सुकायला पंधरा दिवस गेले. घाई करून रंग लावला तर तोही गळून पडला असता.

रंगाच्या दुकानात चुकीचे मिसळलेले डबे एका कोपऱ्यात ठेवलेले असतात. गिऱ्हाइकाने नाकारलेले, निम्म्याहून कमी भावात. तिथे तिला ओल्या वाटाण्यासारखा हिरवा मिळाला. "हा एका डॉक्टरीणबाईंनी परत केला," दुकानदार म्हणाला. "फार हिरवा झाला म्हणाल्या."

"असू दे. मलाही लोक फार म्हणतात," ती म्हणाली.

एकच भिंत हिरवी केली, खिडकीसमोरची. बाकीच्या तिन्हींना साधा पांढरा. कारखान्यात सीट शिवून उरलेलं कापड भंगारात जाई. साहेबांकडे रीतसर अर्ज करून, पावती फाडून तिने ते किलोवर घेतलं. वेल्डरने जुन्या फळ्यांचा एक लांब बाक ठोकून दिला, खिडकीखाली बसेल असा, आणि तिने त्याला गादी शिवली: राखाडी, लाल, निळे तुकडे जोडून, दुहेरी शिवण, कडेला नाडी. बसच्या सीटला लावते तीच शिवण. ती वीस वर्षं उसवत नाही. जुन्या पांढऱ्या चादरींचे पडदे केले. ते तिने खिडकीच्या मापाने कापले. कात्री चालताना होणारा तो करकर आवाज तिला इतका आवडला की उरलेल्या चादरीचे उशांचे अभ्रेही कापून टाकले.

महिना गेला, दोन गेले. फोन तिने केला नाही. केला तो दादांनी. भावाची आठवण येत होती त्यांना. एका रविवारी दोघं आली.

थोरलीने चपला काढल्या. नजर नेहमीसारखी फिरली, आणि फिरतच राहिली. तिला टेकायला ओळखीचं काही सापडेना. दादा हिरव्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, हात लावून पाहिला. "ओल गेली?"

"पाइप होता," धाकटा भाऊ छाती काढून म्हणाला. "मीच शोधला."

थोरली बाकावर बसली. जरा हलून बघितलं. बाजूची शिवण बोटाने चाचपली.

"कडक आहे बसायला," ती म्हणाली.

एरवी धाकटी 'हो ताई' म्हणून आत गेली असती. आज ती तिच्याशेजारी येऊन बसली.

"आहे कडक. मला कडकच आवडतं."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. चहा आला, प्यायली. निघताना 'छान केलंस' म्हणाली नाही, आणि धाकटीनेही त्याची वाट बघितली नाही. दोघींचं तेव्हापासून बेताचंच आहे. पण टेम्पो त्या दाराशी पुन्हा आला नाही.

पुढच्या आठवड्यात नवरा कामावरून येताना काखेत रंगाचा एक डबा घेऊन आला. कोपऱ्यातला, नाकारलेला. स्वयंपाकघराच्या दारासाठी.

तिने झाकण उचकटून बघितलं. गडद निळा.

"हा? हिरव्याशेजारी? शाळेच्या फळ्यासारखं दिसेल."

"दिसू दे. मी निवडलाय."

"मला पिवळा हवा होता."

"मग तू भिंत निवडलीस तेव्हा मला विचारलंस का?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तो ब्रश शोधत होता. दोघांचं भांडण जेवणापर्यंत चाललं आणि चिमणीने शेवटी दोघांना गप्प बसवून डब्यात ब्रश बुडवला.