लाल टेपचा अंगठा

"हा अंगठा पुसून टाक," दैनिकाच्या फोटोप्रमुखांनी स्क्रीनवर पेन टेकवलं.

आगीतून वाचवलेल्या म्हातारीला खांद्यावर घेऊन अग्निशमन दलाचा जवान शिडी उतरत होता. फोटोत खाली, अगदी कडेला, शिडी घट्ट धरलेला कुणाचा तरी हात आला होता. अंगठ्याला लाल टेप गुंडाळलेली. हाताचा मालक फोटोबाहेर.

"पुसणार नाही, सर," छायाचित्रकार मुलगी म्हणाली.

"अगं, नजर आधी त्या लाल ठिपक्यावर जाते. म्हातारी राहते बाजूला!"

म्हणणं खरं होतं, हीच तर पंचाईत. फोटो खालून कापावा तर शिडीचा पाय जातो आणि उंची कळत नाही. मुलीला नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झाले होते. पहिल्या पानावर अजून तिचा एकही फोटो आलेला नव्हता.

"तो हात तिथे होता, सर. पुसायचाच असेल तर माझा फोटो नको. दुसऱ्या कुणाचा लावा."

प्रमुखांनी घड्याळ पाहिलं, कपाळाला हात लावला.

"डोक्याला ताप आहेस नुसती," ते म्हणाले आणि फोटो होता तसा पहिल्या पानासाठी सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात एक इलेक्ट्रिशियन आला. मागोमाग त्याची सासू, हातात तोच अंक.

"यांना हा फोटो जरा मोठा करून दाखवा हो. शिडी घसरत होती, मी धरली म्हटलं, तर सगळं घर हसलं."

"हसणार नाही तर काय? यांची रोज एक नवी थाप," सासूबाई म्हणाल्या.

छायाचित्रकार मुलीने फोटो स्क्रीनभर मोठा केला. इलेक्ट्रिशियनने शेजारी आपला अंगठा धरला. तीच लाल टेप, टोकाला तोच काळा डाग. सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"जावईबापू, मग नीट सांगायचं ना!"

"सांगत तर होतो!"

मुलीला इतका आनंद झाला की हसू आवरेना. प्रमुख केव्हाचे तिच्या मागे येऊन उभे होते.

"नाव विचारून घे," ते म्हणाले. "उद्या हाच फोटो पुन्हा लावू. आणि अंगठा कापायचा नाही, सांगून ठेवतो!"

इलेक्ट्रिशियनने तोंड उघडलं, पण नाव सांगितलं सासूबाईंनी, आडनावासकट. मुलीने ते बरोबर लिहिलंय ना, हे त्यांनी वहीत डोकावून वाचूनही पाहिलं.

"त्याच्यापुढे लिहा," त्या म्हणाल्या, "आमचे जावई."