एचची रांग

गोदामात एकोणसाठ पिंपं होती, त्यांतली अकरा एचच्या रांगेत. स्टोअर सांभाळणाऱ्या हेमंत बर्व्यांनी सगळा माल इंग्रजी शब्दकोशासारखा लावला होता. त्यामुळे हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोराइट एकमेकांना खेटून उभी होती.

"सर, नावं सारखी दिसली तरी एक ॲसिड आहे आणि दुसरं ब्लीच," मी म्हणाले. "एकत्र सांडली तर क्लोरीन सुटेल."

"अपर्णा, कॉलेज सोडून महिना झाला ना तुला? एवढी लांबलचक नावं इथली पोरं वाचणार आहेत का? पहिलं अक्षर जुळलं की पिंप सापडतं."

पिंपं हलवणारा नवनाथ धुळ्याकडचा होता. तो दुपारी जेवून त्याच रांगेमागे आडवा व्हायचा. तिथे झोपू नका, असं मी त्याला सांगितलं.

"तिथंच गार लागतं, ताई. नाहीतर बर्वेसाहेबांच्या पंख्याखाली जागा द्या."

सगळे हसले.

शनिवारी दुपारी दाराशीच डोळे चुरचुरले. ॲसिडचं पिंप तळाशी फुटलं होतं. शेजारच्या पिंपातून झिरपलेल्या ब्लीचमध्ये ते मिसळत होतं आणि जमिनीलगत हिरवट-पिवळा थर पसरत होता.

"नवनाथ कुठंय?"

"जेवून एचमध्ये गेलाय," नवनाथच्या जोडीचा हमाल बारकू म्हणाला.

तोंडाला ओली फडकी बांधून बारकूनं आणि आणखी एका हमालानं त्याला ओढत बाहेर आणलं. जीप येईपर्यंत मी घड्याळ धरून त्याचे श्वास मोजले. एरवी मिनिटाला सोळा-अठरा असतात; त्याचे सेहेचाळीस भरले.